सरासरी फॅट ५.०२ ची ४.८१ झाली. एसपीएसएस घ्यावं, आर शिकावं की पॉवर बीआय?

तारळीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी सातारा जिल्ह्यात एका दूध संघाच्या ऑफिसात (नाव नको) एमआयएस बघतो. एमआयएस म्हणजे संकलनाचा रिपोर्ट सकाळी दहाच्या आत साहेबांच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचा आणि दिवसभर "हा आकडा असा का?" याला तोंड द्यायचं. शिक्षण बी.कॉम. एक्सेल बरं येतं. व्हीलुकअप, पिव्होट, दुसऱ्याचा मॅक्रो उचलून आपल्यापुरता बदलून घेणं, इथपर्यंत.

आमच्याकडं ४२ गावच्या संस्था, मिळून अडीच हजार सभासद. सकाळ-संध्याकाळ धरून रोजच्या पाच हजार ओळी. प्रत्येक ओळीत संस्थेचा कोड, सभासद नंबर, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), दर, रक्कम. संस्थेच्या मशीनवरून सीएसव्ही येते, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने तोडलेली साधी फाइल. ती मी जोडत बसतो.

आता दुखणं. नोव्हेंबरची सरासरी फॅट मागच्या साली ५.०२ होती, यंदा ४.८१. साहेबांचं म्हणणं, कुठंतरी पाणी मुरतंय. दुधाच्या धंद्यात ही नुसती म्हण नसते, हे तुम्हाला सांगायला नको. हुकूम असा आहे की सरासरीच्या खाली असलेल्या संस्थांची यादी काढ, सोमवारी सचिवांना पत्रं जातील. यादी काढली, २३ संस्था निघाल्या. त्यात आमच्या गावची आहे आणि तिथले सचिव माझे सख्खे चुलते.

वर साहेबांच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय की एक्सेलवर हे काम होत नसतं, अॅनालिटिक्सचं सॉफ्टवेअर पाहिजे. एक एजन्सीवाले डेमो देऊन गेले. पडद्यावर गाडीच्या मीटरसारखी गोल गोल घड्याळं, काटा लाल पट्ट्यात गेला की टूंक वाजतं. कोटेशन बघून माझ्या घशाला कोरड पडली.

तर एसपीएसएस, आर, पायथन, पॉवर बीआय यातलं माझ्यासारख्यानं काय धरावं? महिन्याभरात जमेल असं सांगा.

डॅशबोर्डवाला

पैसे घालवू नका. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे. रिपोर्ट ऑनलाइन शेअर करायचा म्हटलं की लायसन्स लागतं, पण तुम्हाला तर सकाळी एक फोटोच टाकायचा आहे.

तेही नंतर. आधी एक्सेलमधलंच पॉवर क्वेरी बघा. २०१६ पासून 'डेटा' टॅबमध्ये बसलेलं आहे, लोक बघत नाहीत. ४२ फायली एका फोल्डरमध्ये टाकायच्या, 'फ्रॉम फोल्डर' म्हणायचं, सगळ्या एकाखाली एक जोडून मिळतात. रोज कॉपी-पेस्ट करत असाल तर तो अर्धा तास आजच वाचला.

आणि एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात. रोजच्या पाच हजार म्हणजे सातवा महिना संपत आला की भांडं भरलं. कुणाकडून जुनी एक्सएलएस फाइल येत असेल तर तिथं ६५,५३६ वरच संपतं. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये या जुन्या फॉरमॅटपायी कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण मोजणीतून सुटले होते. तुमची तर म्हशीच आहेत.

अर्धवट_पीएचडी

एसपीएसएस मी प्रबंधासाठी वापरलं, विद्यापीठाचं लायसन्स होतं म्हणून. १९६८ साली सामाजिक शास्त्रांतल्या सर्वेक्षणांसाठी जन्मलेलं बाळ आहे ते, त्याचा जीव प्रश्नावलीत रमतो. तसलीच मेनू-क्लिकची सोय हवी असेल तर जामोवी किंवा जॅस्प उतरवून घ्या, दोन्ही फुकट.

महिनाभर खपायची तयारी असेल तर मात्र आर. न्यूझीलंडच्या दोन प्राध्यापकांनी शिकवण्यापुरतं म्हणून सुरू केलेलं, आज अर्धं जग वापरतं. पायथनवाले येऊन भांडतील आता.

खातेवही

पायथनवाला आहे, भांडत नाही. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, सीएसव्हीवर डबल क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडू नका, एवढंच सांगायला आलोय. मी एका संस्थेचा हिशेब बघायचो. २०२४ साली गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं, तेव्हा सभासदांची बँक खाती आणि जनावरांचे कानातले बिल्ले यांची यादी द्यायची होती. बिल्ल्याचा नंबर १२ आकडी, तो एक्सेलनं घातांकात दाखवला. ते फॉरमॅट बदलून निस्तरलं. पण एका बँकेचे खाते क्रमांक १६ आकडी होते. एक्सेल १५ आकड्यांपुढचं लक्षात ठेवत नाही, सोळाव्या जागी शून्य टाकतं. वर फाइल सेव्ह केली, म्हणजे मूळ आकडाही गेला. चूक सर्वस्वी माझी. ज्यांचा शेवटचा आकडा मुळातच शून्य होता तेवढ्यांचे पैसे जमा झाले. बाकीच्यांनी मला आठवडाभर चहासुद्धा पाजला नाही.

कोड, नंबर, खातं, जे काही बेरीज करायला नाही ते आत घेतानाच 'टेक्स्ट' म्हणून घ्यायचं.

सांख्यिकी_मावशी

सॉफ्टवेअरचं राहू दे घटकाभर. तारळीकाठ, दोन प्रश्न विचारते.

एक. ही ५.०२ आणि ४.८१ तुम्ही काढली कशी? ४२ संस्थांची सरासरी काढून तिची परत सरासरी?

दोन. गाय आणि म्हैस वेगळी केली होती का?

आणि जाता जाता. सरासरीच्या खाली साधारण निम्म्या संस्था दरवर्षी राहणारच. ४२ पैकी २३ खाली आहेत याला शोध म्हणत नाहीत. उद्या सगळ्यांनी तूप आणून ओतलं तरी निम्म्यांना पत्र जाईल.

तारळीकाठ

मावशी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही. लाज वाटली, पण खरं ते सांगतो.

सांख्यिकी_मावशी

लाज कसली. मी तीस वर्षं सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला काढली. तिथं इंजिनिअर मंडळी सरासरीची सरासरी काढून मोठ्या साहेबांपुढं ठेवायची आणि साहेब मान डोलवायचे.

डोंगरातल्या वाडीची संस्था दिवसाला ८० लिटर घालते, रस्त्याकाठची दीड हजार. तुमच्या हिशेबात दोघींचं मत सारखं. फॅट ही टक्केवारी आहे, टक्केवारीची सरासरी तिच्यामागचं वजन धरूनच निघते. प्रत्येक ओळीत दूध गुणिले फॅट भागिले शंभर करा, म्हणजे फॅटचे किलो मिळतील. त्यांची बेरीज करा आणि एकूण दुधानं भागा. हे एक्सेलच्या सम्-प्रॉडक्ट फॉर्म्युल्यानं एका ओळीत होतं. आधी एकत्र करा, मग गाय-म्हैस वेगळं करून परत करा. दोन्ही वर्षांचं. मग इथं लिहा.

निवृत्त_केमिस्ट

मध्येच बोलतो. फॅट वजनावर असते, गावात दूध लिटरवर मोजतात. लिटरला १.०३ नं गुणलं की किलो. संस्थेकडचे लिटर आणि टँकरचे किलो एका रकान्यात मिसळले असतील तर तीन टक्के इथंच इकडचे तिकडं होतात. मी या फरकावरून दोन माणसांत तीन महिने अबोला बघितलाय.

शिवाय नमुना घेताना दूध नीट ढवळलं होतं का? कॅन उभा राहिला की साय वर येते. वरनं डाव घातला तर सहा, तळातनं काढलं तर चार. सॉफ्टवेअर याला काय करणार? संशय असेल तिथला नमुना गर्बरवर (फॅट मोजायची अॅसिडची जुनी चाचणी) लावून मशीनशी ताडून बघा. अॅसिड, अमाईल अल्कोहोल, ब्यूटिरोमीटर अजून संघाच्या लॅबमध्ये असेलच.

तारळीकाठ

दोन रात्री गेल्या, पण झालं. आधी फजिती सांगतो.

पॉवर क्वेरीनं ४२ फायली जोडल्या, तारखेवर पिव्होट लावला, तर नोव्हेंबरचं दूध वर्षभर पसरलेलं. जानेवारीच्या ११ तारखेला ढीग, फेब्रुवारीच्या ११ ला ढीग, मार्चच्या ११ ला ढीग. असं बारा महिने, बाकी दिवस कोरडे. अर्धा तास टक लावून बसलो. मग उजेड पडला. माझ्या कॉम्प्युटरची तारीख अमेरिकी पद्धतीची आहे. ५/११ म्हणजे पाच नोव्हेंबर, त्यानं वाचलं ११ मे. १ ते १२ तारखांचं असंच झालं, १३ पासून पुढच्या तारखा त्याला कळल्याच नाहीत, त्या अक्षरं म्हणून पडून राहिल्या. आमचं बिल दहा दिवसांचं असतं, म्हणजे महिन्याचं पहिलं बिल सगळंच्या सगळं विखुरलेलं. याआधी मी कधी तारखेवर बघितलंच नव्हतं, नुसतं संस्थेवर बघायचो, म्हणून वर्षभर कळलं नाही. क्वेरीत तारखेचा प्रदेश 'इंग्लिश-इंडिया' केला, जागेवर आलं.

संस्थांची नावं मात्र जुळेनात. मागच्या सालची यादी श्रीलिपी या जुन्या फॉन्टात, यंदाची युनिकोडमध्ये. डोळ्याला सारखी, कॉम्प्युटरला दोन वेगळी गावं. नावाचा नाद सोडला, कोडवर जोडलं. ०७ चं ७ होऊ दिलं नाही, खातेवहीदादा.

मग मावशींनी सांगितल्याप्रमाणे वजन धरून काढलं. मागच्या साली ४.८६, यंदा ४.५८. म्हणजे घट वाढलीच की! आधी २१ पॉइंट होती, आता २८. औषध घेतलं आणि ताप चढला. साहेबांना हे दाखवलं असतं तर २३ ची ३० पत्रं झाली असती.

मग गाय-म्हैस वेगळी केली. रोजची सरासरी, किलोत, गोल आकड्यात:

मागच्या साली गाय १२,००० किलो, फॅट ३.७. म्हैस ८,००० किलो, फॅट ६.६.
यंदा गाय १७,००० किलो, फॅट ३.८. म्हैस ६,००० किलो, फॅट ६.८.

मी तीनदा तपासलं. गायीची फॅट वाढली. म्हशीची वाढली. दोन्ही मिळून कमी झाली. हे कसं होतं, मावशी? माझं डोकं चालेना, बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, चहात दूध कमी आणि पाणी जास्त घातलं तर दोन्ही चांगली असली तरी चहा पातळच होणार, झोपा आता.

सांख्यिकी_मावशी

सूनबाईंना माझा नमस्कार सांगा. एम.एस्सी.च्या वर्गात मला हे समजायला एक अख्खं सत्र लागलं होतं. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

मागच्या साली शंभर किलोत गायीचं ६० होतं, यंदा ७४ आहे. गायीचं दूध मुळातच पातळ, तेच जास्त आलं, म्हणून मिसळीची फॅट उतरली. गोठ्यात काय पालटलं ते तुम्हालाच ठाऊक असणार. मुक्त गोठे आणि एचएफ (होल्स्टीन) गायी वाढल्या असतील, म्हशी विकल्या गेल्या असतील.

आता साहेबांना टक्के दाखवू नका, फॅटचे किलो दाखवा. मागच्या साली रोज ९७२ किलो फॅट संघात येत होती, यंदा १,०५४. रोज ८२ किलो जास्त येतेय आणि आपण चोर शोधतोय.

अर्थात, एवढ्यावरून सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. सगळ्यांची मिळून चांगली दिसणारी बेरीज आतली खोट झाकते. म्हणून आणखी एक करा. गायीचा दर तुमच्याकडं ३.५ ला धरूनच लागत असेल ना? खाली गेलं की कपात. मग नुसत्या गायीच्या ओळी घ्या आणि फॅट ३.३ किती वेळा, ३.४ किती वेळा, ३.५ किती वेळा असे प्रत्येक संस्थेचे खांब काढा. निसर्गाला कपातीचा तक्ता माहीत नसतो. खांब हळूहळू चढायला आणि उतरायला हवेत.

डॅशबोर्डवाला

मावशी, हे भारी आहे. ३.५ ला उंच खांब दिसला की चोरी पकडली?

सांख्यिकी_मावशी

घाई नको. उंच खांब दिसला की त्याच्या डावीकडं बघायचं. ३.४ ला खड्डा असेल तर कुणीतरी ३.४ उचलून ३.५ वर ठेवतंय. खड्डा नसेल, बाजूचे खांब आपापल्या उंचीवर असतील आणि ३.५ एकटंच वर गेलं असेल, तर वरचं दूध शेजारून आलेलं नाही. तिथं मोजमापच झालेलं नाही, मोकळी जागा कुणीतरी ३.५ नं भरलीय. दिसायला दोन्ही सारखं, पण एकात आकडा हलवलाय आणि दुसऱ्यात आकडा नव्हताच.

तारळीकाठ

काढले. ४२ पैकी ९ संस्थांत ३.५ चा मनोरा आहे. आमच्या गावचे नोव्हेंबरचे खांब देतो: ३.३ ला ९६, ३.४ ला १३१, ३.५ ला ५८८, ३.६ ला २१२, ३.७ ला २४०.

३.४ ला खड्डा नाही. इथं जीव थोडा भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू.

मग मशीनच्या फाइलमध्ये एक रकाना सापडला, त्याकडं मी आजवर ढुंकून बघितलं नव्हतं. प्रत्येक ओळीपुढं 'ए' किंवा 'एम'. ए म्हणजे मशीननं घेतलं, एम म्हणजे हातानं भरलं. त्या ५८८ पैकी ४०३ ओळी एम. आणि त्या ४०३ मधली सकाळची एकही नाही, सगळ्या संध्याकाळच्या.

रविवारी गावी गेलो. चुलत्यांना विचारलं, तात्या, संध्याकाळी फॅट हातानं का घालता? ते म्हणाले, "लाइट असती का तुझ्या संघाच्या घरची? सहाला जाती, आठला येती. यूपीएसची बॅटरी गेली त्याला वर्ष झालं. चाळीस माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी. मग काय गंगाळात बोट घालून फॅट सांगू? साडेतीन लिहितो. तुझं बी नुकसान नाही, त्यांचं बी नाही." आणि आतनं एक फाइल आणून माझ्यापुढं टाकली. संघाला बॅटरीसाठी चार अर्ज, प्रत्येकावर आमच्याच आवकचा शिक्का.

नऊपैकी सात संस्थांची हीच तऱ्हा, संध्याकाळच्या हाताच्या एन्ट्र्या. दोन संस्थांत मात्र ३.४ चा खड्डा आहे आणि ओळी 'ए' आहेत, सकाळ-संध्याकाळ दोन्ही. ते काय प्रकरण आहे?

निवृत्त_केमिस्ट

ती दोन मशीनं आधी कॅलिब्रेशनला घाला, मग माणसांकडं बघा. त्याच नमुन्याचं गर्बर लावल्याशिवाय कुणाला एक शब्द बोलू नका.

सांख्यिकी_मावशी

सहमत. आणि सुपरवायझरला त्या दोनच संस्थांत पाठवू नका, तासाभरात तालुकाभर होतं. उरलेल्या चाळीस संस्थांच्या चिठ्ठ्या टाका, सहा उचला, त्यात या दोन घाला, आठ ठिकाणी न सांगता नमुने घ्या. पीक कापणी प्रयोगाचं शेत असंच चिठ्ठीनं ठरतं, सर्कल ऑफिसरला आवडलं ते शेत घेता येत नाही. ही नमुना पद्धत शास्त्रशुद्ध बसवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते पां. वा. सुखात्मे तुमच्याच जिल्ह्यातल्या बुधचे.

अर्धवट_पीएचडी

मग शेवटी सॉफ्टवेअर कुठलं ठरलं?

तारळीकाठ

अजून एक्सेलच. जानेवारीपासून डेटा डेटाबेसमध्ये ठेवायचाय, ओळी मावत नाहीत. तेव्हा आर बघेन, जामोवी उतरवून ठेवलंय. एजन्सीवाल्यांचा काल परत फोन आला, साहेबांनी माझ्याकडं वळवला. मी विचारलं, तुमच्या घड्याळात गाय-म्हैस वेगळी दिसते का? म्हणाले, कस्टमायझेशनमध्ये करून देऊ, चार्जेस वेगळे.

सोमवारी साहेबांना दोन कागद दिले. एकावर फॅटचे किलो, दुसऱ्यावर सात संस्थांचे संध्याकाळचे खांब. पहिला त्यांनी पाच मिनिटं बघितला आणि खिशात घातला, संचालकांच्या मीटिंगला न्यायचा म्हणाले. दुसरा बघून थोडा वेळ गप्प बसले, मग विचारलं, "बॅटरी केवढ्याला येते?"

पत्रं थांबली. आठ ठिकाणचे नमुने पुढच्या आठवड्यात घेणार आहेत. सात बॅटऱ्यांची मागणी पर्चेसला गेलीय, तिथं ती सध्या तात्यांच्या चार अर्जांखाली पडलेली आहे.